खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका

माझी पहिली दुर्बीण तीन वर्षं माळ्यावर पडून होती. खोक्यावर ठसठशीत अक्षरांत ‘675 पट’ आणि शेजारी शनीचा झगझगीत फोटो. पहिल्याच रात्री मी त्यातला सगळ्यात बारका आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, लावला, त्याखाली तिप्पट मोठं दाखवणारं बार्लो भिंग चढवलं आणि शनी शोधायला बसले. दोन तास बसले. दिसली ती स्वतःच्याच पापण्यांची सावली, आणि मधूनच सर्रकन निघून जाणारा एक धुरकट ठिपका. दुर्बीण फसवी निघाली म्हणत मी ती गुंडाळून टाकली.

ती फसवी नव्हती, हे मला पुढे मामाच्या जुन्या बायनॉक्युलरने शिकवलं. म्हणून जो कोणी मला ‘कुठली दुर्बीण घेऊ’ विचारतो, त्याला मी आधी बायनॉक्युलरच घ्यायला लावते. ती पुढेही वाया जात नाही. मोठी दुर्बीण आली तरी माझ्या गळ्यात असते ती हीच.

बायनॉक्युलरवर 10×50 असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा किती पट मोठं दिसणार तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा. 50 भागिले 10, म्हणजे 5 मिलिमीटर. एवढ्या जाडीचा प्रकाशाचा झोत तुमच्या डोळ्यात शिरणार. तरुण डोळ्याची बाहुली अंधारात 7 मिलिमीटरच्या आसपास उघडते, वय वाढतं तशी ती कमी कमी उघडते. 7×50 चा झोत 7 मिलिमीटरचा. माझ्या भाच्याला तो पुरेपूर मिळतो, माझ्या पन्नाशीच्या डोळ्यात त्यातला बराचसा शिरतच नाही. मला 10×50 बरी. उघड्या डोळ्याच्या साधारण पन्नास पट प्रकाश ती गोळा करते आणि एका नजरेत सुमारे साडेसहा अंश आकाश दाखवते, म्हणजे तेरा पूर्णचंद्र ओळीने मांडावेत इतकं. 15×70 मोहात पाडते, पण ती स्टँडशिवाय हातात धरून चालत नाही. झूमवाली नको. लालभडक चमकणाऱ्या काचांची तर मुळीच नको. तो लाल रंग म्हणजे तुमच्या वाटचा प्रकाश परत उडवून लावण्याची सोय.

घेताना उजेडाकडे रोखून हातभर लांब धरा आणि आयपीसमध्ये दिसणारी प्रकाशाची टिकली बघा. ती स्वच्छ गोल हवी. कडा कापल्यासारखी चौकोनी वाटली, तर आतल्या प्रिझमची काच हलकी आहे. मग लांबच्या एखाद्या खांबाकडे बघा. दोन खांब दिसले किंवा डोळ्यांवर ताण येऊ लागला, तर दोन्ही नळ्या एका दिशेला बघत नाहीयेत. ती खाली ठेवा आणि दुसरी मागा.

आता एक गोष्ट, जी वर्षानुवर्षं बायनॉक्युलर वापरणाऱ्यांनाही माहीत नसते. मधलं चाक फिरवलं की झालं, असं सगळे समजतात. पण आपले दोन डोळे सारखे नसतात. आधी नळ्या दुमडून-उघडून दोन वर्तुळांचं एक वर्तुळ करून घ्या. मग उजव्या नळीच्या तोंडावर हात धरा, दोन्ही डोळे उघडे ठेवा आणि डाव्या डोळ्याने एका ताऱ्याकडे बघत मधलं चाक फिरवा, तारा टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत. आता हात डाव्या नळीवर. चाकाला हात लावायचा नाही, फक्त उजव्या आयपीसची कडी फिरवायची, पुन्हा टाचणीचं टोक येईपर्यंत. त्या कडीवर आकडे किंवा खुणा असतात. आपली खूण लक्षात ठेवा. घरात भाऊबंद फार असतील, तर पेन्सिलीने लिहूनच ठेवा. त्यानंतर फक्त मधलं चाक.

हात थरथरतातच. आरामखुर्चीत मागे रेलून कोपरं छातीला टेकवा. उभ्याने बघायचं असेल, तर लांब दांड्याचा झाडू उलटा उभा करून त्याच्या डोक्यावर बायनॉक्युलर टेकवा. शेजारी हसतील. गुरूचे चंद्र दिसायला लागले की तेच रांग लावतील.

अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या पडद्याकडे एकदा बघितलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. टॉर्चवर लाल जिलेटिन कागदाचे दोन पदर रबराने बांधा, नकाशा वाचायला तेवढा उजेड पुरतो.

सुरुवात चंद्रापासून करा, पण पौर्णिमेच्या नको. पौर्णिमेला ऊन समोरून पडतं, सावल्या नसतात, सगळं सपाट दिसतं. अष्टमीच्या आसपास उजेड-अंधाराच्या सीमारेषेवर विवरांचे काठ उठून दिसतात. मग कृत्तिका. उघड्या डोळ्यांना सहा-सात तारका, बायनॉक्युलरमध्ये डझनांनी. रोहिणीभोवतीचा इंग्रजी व्ही अक्षरासारखा पुंजका बघा. रोहिणी स्वतः त्या पुंजक्यातली नाही, ती बरीच अलीकडे आहे. पुष्य नुसत्या डोळ्याला धुरकट डाग वाटतो आणि बायनॉक्युलर लावली की डागाचा थवा होतो. मृगाच्या तलवारीतला मधला ‘तारा’ हा तारा नाहीच, तिथे सुमारे 1300 प्रकाशवर्षांवर नवे तारे जन्माला घालणारा ढग आहे. आणि गुरू. गॅलिलिओने 1610 च्या जानेवारीत त्याचे चंद्र पाहिले ते सुमारे 20 पटीच्या दुर्बिणीतून. टेकून धरलेल्या 10×50 मधूनही ते गुरूच्या दोन्ही अंगांना एका रेषेत बारीक ठिपक्यांसारखे दिसतात. दुसऱ्या रात्री पुन्हा बघा, जागा बदललेल्या असतात.

देवयानी दीर्घिका शोधताना एक युक्ती शिकून घ्या. तिच्याकडे थेट बघायचं नाही. जरा बाजूला बघायचं आणि लक्ष मात्र तिच्यावर ठेवायचं. डोळ्याच्या मधोमध रंग आणि बारकावे टिपणाऱ्या पेशी असतात, मंद उजेड टिपणाऱ्या असतात त्या कडेला. तिरपी नजर टाकली की लांबट, फिकट डाग अलगद वर येतो. थेट बघितलंत की गायब. पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड आहे तो, थोडी मिनतवारी करून घेणारच.

दोन-तीन महिन्यांत आकाशातल्या वाटा पायाखालच्या झाल्या की दुर्बिणीचं बघा. आता माझ्या 675 चा हिशेब. भिंगापासून किंवा आरशापासून प्रकाश जिथे एकवटतो तिथपर्यंतचं अंतर, ते नाभीय अंतर. दुर्बिणीचं नाभीय अंतर भागिले आयपीसचं नाभीय अंतर, म्हणजे किती पट मोठं दिसणार ते. माझ्या दुर्बिणीचं नाभीय अंतर 900 मिलिमीटर, आयपीस 4 चा. 900 भागिले 4 म्हणजे 225, त्याची बार्लोने तिप्पट म्हणजे 675. गणित चोख. पण भिंग 60 मिलिमीटरचं. भिंगाच्या दर मिलिमीटरमागे फार तर दोन पट, ही वरची मर्यादा. म्हणजे 120. त्यापुढे चित्र मोठं होतं, पण अंधूक आणि धूसर, रबरी फुगा ताणल्यावर त्यावरची अक्षरं फिकटतात तसं.

त्याच खोक्यात 20 मिलिमीटरचा एक आयपीस होता, मी त्याला हातसुद्धा लावला नव्हता. माळ्यावरून दुर्बीण काढली, तो लावला, 45 पट. लटपटत्या तिवईच्या मध्यावर वाळू भरलेली पिशवी लोंबकळत बांधली. शनी आला. चण्याएवढासुद्धा नाही, पण कडं स्पष्ट वेगळं, मधली काळी फट दोन्ही बाजूंना. मी भाच्याला झोपेतून उठवलं.

नवीन घेत असाल तर आरसा असलेली, डॉब्सोनियन बैठकीची 150 मिलिमीटरची घ्या. लाकडी खोक्यासारख्या बैठकीवर तोफेसारखी वर-खाली आणि गोल फिरते. जॉन डॉब्सन नावाच्या गृहस्थांनी ही साधी बैठक लोकांत रुजवली. ते दुर्बीण घेऊन फुटपाथवर उभे राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवायचे. हिच्यात पैसा आरशात जातो, नट-बोल्टांत नाही. माझ्या 60 पेक्षा सव्वासहा पट प्रकाश. 1200 चं नाभीय अंतर असेल तर 25 च्या आयपीसने 48 पट आणि 10 च्याने 120, सुरुवातीला हे दोन पुरेत. मोटार, रिमोट, आकाशाच्या फिरण्याबरोबर वळणारी स्वस्तातली विषुववृत्तीय बैठक, यांच्या नादी मी तरी लागले नसते. आणखी मोठी घेण्याआधी मात्र ती जिन्यावरून एकट्याने नेता येईल का, ते बघा. जड दुर्बीण पहिल्या महिन्यात चार वेळा बाहेर येते, नंतर ‘उद्या बघू’.

फाइंडर म्हणजे नळीवर बसवलेली, नेम धरायची छोटी दुर्बीण. तो जुळवण्याचं काम दिवसाउजेडीच उरका, रात्री अंधारात ते करणं म्हणजे डोळ्यांत पाणी. मोठा आयपीस लावून दुर्बीण लांबच्या एखाद्या टॉवरच्या टोकाकडे रोखा, निदान अर्धा किलोमीटर तरी लांबच्या. सूर्य पाठीमागे हवा. टोक आयपीसच्या बरोब्बर मधोमध आणा. मग नळी अजिबात न हलवता फाइंडरचे स्क्रू फिरवून तेच टोक त्याच्या फुलीवर आणा. मग 10 चा आयपीस लावून पुन्हा एकदा. चित्र उलटं दिसेल, घाबरू नका, आरशाच्या दुर्बिणीत ते तसंच असतं. त्या पहिल्या रात्री मला शनी मिळाला नाही, त्याचं अर्धं कारण हा न जुळवलेला फाइंडर होता.

सूर्याकडे दुर्बीण, बायनॉक्युलर, फाइंडर काहीही रोखू नका. एका क्षणात दृष्टी जाते आणि दुखतही नाही. काही दुर्बिणींसोबत आयपीसला लावायची काळी काच येते. ती तापून तडकते. माझी मी हातोडीने फोडून टाकली. सूर्य बघायचा तर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाला पूर्ण झाकणारा, खास त्याचसाठी बनवलेला फिल्टर हवा, आणि फाइंडरवर झाकण.

रात्री दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवा. गरम आरशावरची हवा हलत असते आणि चित्र उकळतं. नेहमी मोठ्या आकड्याचा आयपीस आधी, वस्तू मधोमध आल्यावरच लहान. 120 पटीला तारा दोन मिनिटांच्या आत नजरेबाहेर जातो, कारण पृथ्वी फिरते आहे. नळीला बोटाने किंचित ढकलत राहायचं. हा ढकला दोन रात्रींत हाताला बसतो. तारे फार लुकलुकत असतील, तर त्या रात्री जास्त पटीचा हट्ट सोडा आणि पुंजके बघा. ग्रहाकडे मात्र दहा मिनिटं सलग बघा. हवा मधूनच एखादा सेकंद स्थिर होते आणि तेवढ्यात गुरूवरचे पट्टे रेखल्यासारखे दिसून जातात. रंगीबेरंगी तेजोमेघांची अपेक्षा नको, डोळ्याला ते राखाडीच दिसतात. रंग हवाच असेल तर हंस तारकासमूहातला अल्बिरिओ हा जोडतारा बघा, एक सोनेरी, एक निळा.

आवरताना भिंगावर, आरशावर दव दिसलं तर पुसू नका. आरशावरची धूळही तशीच राहू द्या, तिने चित्रात काही फरक पडत नाही, पुसण्याने मात्र ओरखडे पडतात. झाकणं लगेच लावलीत तर ओल आत कोंडते आणि बुरशी धरते. मी नळी आडवी करून घरात रात्रभर उघडीच ठेवते आणि झाकणं सकाळी चहानंतर लावते.