अंदमानला जाताय? घड्याळ तासभर पुढे धरा

सोलापूरहून अंदमानला निघालात तर सगळ्यात आधी सूर्याचा हिशोब मांडा. घड्याळ आपलंच, पण ही बेटं सोलापूरच्या पूर्वेला सुमारे १७ रेखांशांवर, म्हणून सूर्य तिथे तासभर आधी उगवतो आणि आधीच मावळतो. डिसेंबरात संध्याकाळी ५ च्या सुमारास सूर्यास्त होतो. स्वराज द्वीपवरच्या राधानगर किनाऱ्यावर तो बघायचा तर दुपारची झोप सोडा आणि ४ पर्यंत वाळूवर पोचा. तो सूर्यास्त चुकवू नकाच.

दुसरं म्हणजे हवा. आपलं ऊन कोरडं, तिथली हवा दमट. घरचा जाड सोलापुरी टॉवेल रात्रभर वाळत घातला तरी सकाळी ओलाच लागतो. त्यापेक्षा दोन पातळ पंचे न्या. कडक भाकरीही उघडी ठेवली की मऊ पडते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. शेंगाचटणी मात्र भरपूर घ्या.

आणि पोरांना आधीच सांगून ठेवा: किनाऱ्यावरचं प्रवाळ उचलायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे.