कळसूबाई-भंडारदरा: दोन रात्रींचा बेत

कळसूबाई एका दिवसात उरकता येते. शनिवारी रात्री निघायचं, पहाटे शिखर, दुपारी परत. पण हाच बेत आणखी शेकडो लोकांनी केलेला असतो आणि सूर्योदयाआधीच्या तासाभरात सगळे वाटेतल्या लोखंडी शिड्यांखाली तुंबतात. घामेजल्या अंगाने गार वाऱ्यात तिष्ठत राहिलं की पोटऱ्यांत गोळे येतात, आणि मग उतरताना त्याची किंमत मोजावी लागते. त्यापेक्षा दोन रात्री राहा आणि चढाई रविवारी येणार नाही असं बघा.

रेल्वेने येणाऱ्यांनी इगतपुरीला उतरून घोटी गाठावं. घोटीहून भंडारदरा-राजूरकडे जाणाऱ्या एसटीने किंवा जीपने पायथ्याच्या बारी गावाच्या फाट्यावर उतरता येतं. पुण्याकडून संगमनेर, अकोले, राजूर हा रस्ता. मुक्काम बारीत किंवा धरणाजवळच्या शेंडीत गावातल्याच घरी करावा. जेवणारी माणसं किती, ते आदल्या दिवशी फोन करून सांगायचं. ऐन वेळी दहा जण दारात उभे राहिले तर चुलीवरच्या बाईचे हाल होतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा नवख्यांसाठी सगळ्यांत सोयीचा काळ. सप्टेंबरच्या अखेरीस उतारावर सोनकी फुलते, तेव्हा डोंगर सर्वांत देखणा असतो. पायवाट मात्र निसरडी असते. नवरात्रात देवीची यात्रा असते. ती बघायची असेल तरच तेव्हा जा, शांतता हवी असेल तर नको. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पाऊस लागायच्या आधी, घाटघर-रतनवाडी भागात काजवे दिसतात. तिथे गाडीचे दिवे आणि फ्लॅश बंद ठेवा आणि झाडाखालच्या गवतात शिरू नका, कारण अंडी घालणाऱ्या माद्या तिथेच खाली असतात.

आता चढाई. शिखर १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच. बारीतून साडेआठशे-नऊशे मीटर चढावं लागतं. ही उंची विरळ हवेचा त्रास होण्याइतकी नाही. धाप लागते ती पहिल्या अर्ध्या तासात पळत सुटल्याने. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने चाला. असं चाललात तर साधारण तीन-साडेतीन तासांत वर पोचता. हिवाळ्यात पहाटे साडेपाचला निघालात की उन्हाचा तडाखा लागायच्या आत माथ्यावर असता.

माणशी तीन लिटर पाणी घ्या. वाटेत सरबताच्या टपऱ्या आहेत, पण आठवड्याच्या मधल्या दिवशी त्यांच्या भरवशावर राहू नका. एका लिटरमध्ये सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलेली एक बाटली वेगळी ठेवा. घामातून गेलेलं मीठ नुसत्या पाण्याने भरून येत नाही, आणि गोळे, डोकेदुखी, मळमळ पुष्कळदा तिथूनच सुरू होते.

कातळाच्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. काठ्या आधीच पिशवीत घाला, दोन्ही हात मोकळे हवेत. पुढचा माणूस वर पोचेपर्यंत थांबा. उतरताना शिडीकडे तोंड करूनच उतरायचं. बरेच जण जिन्यावरून यावं तसे शिडीकडे पाठ करून येतात, आणि टाच सटकली की धरायला काही उरत नाही. एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबरात दुपारनंतर वळवाचे ढग जमतात. गडगडाट ऐकू आला की माथा आणि शिड्या दोन्ही धोक्याच्या, म्हणून त्या दिवसांत बाराच्या आत शिड्यांखाली या.

माथ्यावर देवीचं छोटं मंदिर आहे. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे किल्ले, खाली भंडारदऱ्याचं पाणी, त्यापलीकडे रतनगड. वारा जोराचा असतो, तेव्हा जर्किन वर पोचल्याबरोबर घाला, थंडी वाजेपर्यंत थांबू नका.

गुडघे दुखतात ते उतारावर. पावलं आखूड टाका, पायऱ्यांवर थोडं तिरकं उतरा आणि निघण्यापूर्वी बुटाची नाडी घोट्यापाशी घट्ट आवळा. सैल बुटात पाय पुढे सरकतो, अंगठा टोकावर आपटत राहतो आणि घरी जाईस्तोवर नख काळं पडतं. नखं दोन दिवस आधी कापून ठेवलेली बरी. मोबाइलला सगळीकडे रेंज नसते, म्हणून परतायची वेळ घरमालकाला सांगून जा. साप चावला तर चिरे पाडत, दोर आवळत बसू नका. चावलेल्या माणसाला हातपाय हलवू न देता खाली आणा आणि १०८ ला फोन करा.

दुसरा दिवस पायांना सोसेल असा ठेवा. शेंडीहून पाण्याच्या कडेकडेने वीसेक किलोमीटरवर रतनवाडी, तिथलं अमृतेश्वराचं जुनं दगडी मंदिर आणि शेजारची पुष्करणी निवांत बघा. साम्रदची सांदण दरी त्याच बाजूला आहे, पण ती डिसेंबरनंतरच. आधी गेलात तर डोहातलं पाणी छातीला लागू शकतं, आणि पावसात घळीत लोंढा आला तर दोन्हीकडे उभा कातळ असल्याने पळायला जागा नाही. ‘आम्ही जाऊन आलो’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

हा मुलूख महादेव कोळी आणि ठाकर समाजाचा. इंग्रजांनी १८४८ मध्ये ठाण्यात फाशी दिलेले राघोजी भांगरे इथल्याच देवगावचे. गावठी वाणांच्या बियाण्यांसाठी पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. तेव्हा जेवायला पनीर मागू नका. नागलीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, ठेचा, वालाची भाजी सांगा. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत घरची माणसं शेतात असतात, जेवण उशिरा मिळेल हे धरून चाला. नागलीच्या पिठाला चिकटपणा नसतो, म्हणून ते उकळत्या पाण्यात भिजवून गरम असतानाच मळावं लागतं, आणि भाकरी एकेकच थापली जाते. हाक आली की लगेच पानावर बसा. गार झालेली भाकरी कडक होते.