कॉकटेल बारमध्ये संध्याकाळी जाण्याआधी

पहिली गोष्ट कॅलेंडर. दोन ऑक्टोबर, पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी या दिवशी मुंबईतले बार बंद असतात. निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे ४८ तासही ड्राय. गटारीच्या आसपासची रात्रही मी टाळते, कारण त्या गर्दीत बारटेंडरला तुमच्याशी बोलायला वेळ नसतो, आणि गल्लीतल्या छोट्या बारमध्ये जायचं ते त्याच्याशी बोलायलाच. मंगळवार-बुधवार, साडेसातच्या सुमारास, ही वेळ उत्तम. दोघं-तिघं असाल तर टेबल न मागता काउंटरवरचे स्टूल मागा.

सोबत वयाचा पुरावा ठेवा. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१ आणि व्हिस्की-जिनसाठी २५ वर्षांची अट आहे. कॉकटेलमध्ये बहुधा दुसऱ्या गटातलीच दारू असते, म्हणून ग्रुपमधल्या लहान भावंडांचं वय आधीच विचारून घ्या, दारात लाजवू नका.

घरातून निघताना काहीतरी खाऊन निघा. वरण-भात, पोळी-भाजी, काहीही चालेल, पण पोटभर. चखणा हे जेवण नव्हे, आणि उपाशीपोटी दारू फार लवकर चढते. गाडी-स्कूटरची चावी घरीच राहू द्या. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे, आणि ती ओलांडून गाडी चालवली तर पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांचा दंड, किंवा दोन्ही. "एकच घेतलंय" म्हणणारा मित्र असेल तर त्याची चावी तुम्ही मागून घ्या, तो रुसला तरी चालेल.

आता काउंटर. मेन्यू लगेच उघडू नका, आधी बारटेंडरचे हात बघा. लिंबाचा रस असलेलं पेय शेकरमध्ये जोरात हलवतात. निग्रोनीसारखं, ज्यात जिन, कँपारी (कडू लाल मद्य) आणि गोड व्हर्मुथ (वनस्पतींचा स्वाद दिलेली वाइन) समान मापात असतं, ते लांब चमच्याने शांतपणे ढवळतात. बर्फाचा एक मोठा चौकोनी तुकडा हळू वितळतो, त्यामुळे पेय लवकर पाणचट होत नाही. शेवटी संत्र्याची साल ग्लासवर पिळतात तेव्हा तेलाचा बारीक फवारा उडतो. तो वास आधी घ्या, मग पहिला घोट.

ऑर्डर देताना "काहीतरी छान द्या" म्हणण्यापेक्षा आंबट हवं की कडू, कोकम आवडतं का, तिखट चालेल का, हे सांगा. स्थानिक चवींवर जीव लावून काम करणारे बारटेंडर मुंबईत बरेच आहेत, त्यांना असा ग्राहक आवडतो. लाँग आयलंड आइस टीपासून मात्र जरा जपून. त्यात व्होडका, जिन, रम, टकिला आणि ट्रिपल सेक (संत्र्याच्या चवीचं गोड मद्य) असतं, आणि कोलाच्या गोडव्याखाली ते लपतं. प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास पाणी, दोन कॉकटेल पुरे. सोबत न पिणारं कोणी असेल तर त्यांच्यासाठीही बारटेंडरला नीट काहीतरी बनवायला सांगा. सोड्यात लिंबू पिळून पुढे सरकवणं हा पाहुणचार नाही.

बिल आलं की वाचा. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचना तसंच सांगतात आणि २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या कायम ठेवल्या. तो लावला असेल तर शांतपणे काढायला सांगा, आणि ज्याने मन लावून बनवलं त्याच्या हातात टिप थेट द्या.

शेवटची लोकल पकडायची असेल तर स्टेशनपर्यंतचा वेळ धरून उठा. ती चुकलीच तर रिक्षा वांद्र्याच्या दक्षिणेला मिळणार नाही, टॅक्सीच बघावी लागेल. आणि मध्यरात्रीनंतर पहाटे पाचपर्यंत मीटरच्या भाड्यावर २५ टक्के जास्त द्यावे लागतात, तेवढे सुट्टे खिशात ठेवा.