सायकलची घंटी: महाग घ्यावी की स्वस्त?

दिसायला जवळपास सारख्या दोन पितळी घंट्या असतात, आणि एकीच्या पैशांत दुसरीच्या सहा-सात येतात. हे पैसे नेमके कशाचे पडतात ते कळलं की निवड अवघड राहत नाही. घंटीत कामाच्या गोष्टी तीनच: वाटीचा धातू, टोला देणारी यंत्रणा आणि हँडलवरची पकड. रंग, चकाकी आणि खोका यांसाठी मोजलेले पैसे कानाला ऐकू येत नाहीत.

घंटीकडून अपेक्षा काय ठेवायची हे आधी ठरवा. घंटी असते ती पायी चालणाऱ्यांसाठी आणि दुसऱ्या सायकलस्वारांसाठी. काचा बंद करून चाललेल्या मोटारीत स्वस्त घंटी ऐकू जात नाही आणि महागही जात नाही. वाहनांच्या गर्दीत उपयोगी पडेल या आशेने महाग घंटी घेत असाल, तर ते पैसे वाचवा.

वाटी

घंटीची वाटी मध्यभागी एका दांड्यावर टेकलेली असते आणि तिची कड सगळीकडून मोकळी असते. टोला बसला की कड थरथरते, मध्यभाग मात्र जवळजवळ स्थिर राहतो. म्हणूनच तिला मध्यात धरलेलं चालतं. कडेला बोट, ब्रेकची केबल, पिशवीचा पट्टा किंवा नुसता स्टिकर लागला तरी ही थरथर जिरते आणि उत्तम घंटीचाही आवाज पत्र्याच्या डब्यासारखा होतो.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कासं म्हणजे तांबं आणि कथील. घंटांच्या काशात ढोबळमानाने 80 टक्के तांबं आणि 20 टक्के कथील असतं. हे दोन्ही मिश्रधातू कंपनं आतल्या आत फारशी जिरवत नाहीत, त्यामुळे नाद लांबतो. पातळ पोलादी पत्र्याची वाटी पहिल्या टोल्याला मोठ्याने वाजते, पण तिचा आवाज लगेच विझतो. ॲल्युमिनियमची घनता दर घनसेंटिमीटरला 2.7 ग्रॅम, तर पितळाची साधारण 8.5. तेवढ्याच आकाराची ॲल्युमिनियमची वाटी त्यामुळे खूप हलकी असते आणि तिचा नादही सहसा आखूड असतो.

लांबलेल्या नादाचा उपयोग नुसता कानाला गोड वाटण्यापुरता नाही. पाठीमागून आलेला एखादा तुटक ‘टिक’ गोंगाटात हरवतो. आवाज दोन-तीन सेकंद टिकला तर तो कोणत्या बाजूने येतोय हे ओळखायला माणसाला वेळ मिळतो आणि तो योग्य बाजूला सरकतो. घंटी वाजली, पण समोरचा दचकून नेमका आपल्याच वाटेत आला, असं वारंवार होत असेल तर आखूड नाद हे त्याचं एक कारण असू शकतं.

दुकानात वाटी पारखायला दोन मिनिटं पुरतात. घंटी फक्त पकडीला धरा, वाटीला हात लावू नका. एकदाच टोला द्या आणि मनात सेकंद मोजा. दोनच्या आत आवाज मेला तर वाटी पातळ आहे किंवा कुठेतरी टेकते आहे. चार-पाच सेकंद ऐकू आला तर वाटी चांगली, मग किंमत काहीही असो. त्यानंतर वाटीलाच लहानसं चुंबक लावा, स्क्रूला किंवा खटक्याला नाही. पितळाला ते चिकटत नाही. बाहेरून पितळी रंग आणि तरी चुंबक चिकटलं, तर आत पोलाद आणि वर मुलामा. शेवटी घंटी उलटी करून आतली बाजू बघा. मुलामा बाहेरच्यापेक्षा आत विरळ असतो आणि गंज तिथूनच सुरू होतो.

आकाराबद्दल एवढंच की वाटी मोठी झाली की स्वर खाली येतो आणि तेवढ्याच आकारात वाटी जाड झाली की स्वर चढतो. माणसाचा कान साधारण 2,000 ते 5,000 हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो, पण वय वाढेल तसे आधी वरचे स्वर ऐकू येईनासे होतात. फिरायला आलेल्या ज्येष्ठांची वर्दळ असलेल्या रस्त्यावरून रोज जाणं असेल तर अगदी चिमुकल्या, किरट्या आवाजाच्या घंटीपेक्षा मध्यम किंवा मोठी वाटी घ्या.

टोला देणारी यंत्रणा

जुनी ओळखीची ‘ट्रिंग-ट्रिंग’ घंटी उघडून बघितली की तिच्यातली करामत कळते. अंगठ्याच्या खटक्याला आत दाते असतात. ते एका लहान चाकाला फिरवतात, त्या चाकावर आडवी पट्टी असते आणि पट्टीच्या टोकांना दोन सैल चकत्या. पट्टी गरागरा फिरली की चकत्या बाहेर फेकल्या जातात आणि वाटीच्या आतल्या उंचवट्यांवर आपटतात. खटका मागे आणायला एक स्प्रिंग असते. स्वस्त आणि महाग यांतला सगळ्यांत खरा फरक इथे आहे. स्वस्त घंटीत दाते प्लॅस्टिकचे असतात, जोरात खटका मारला की झिजतात किंवा तुटतात. स्प्रिंगचं टोक एका बारीक खाचेत अडकवलेलं असतं, ते निसटलं की खटका लोंबकळतो. चांगल्या घंटीत दाते धातूचे आणि स्प्रिंगचं टोक नीट वळवून बसवलेलं असतं.

हातोडीच्या घंटीत यापेक्षा भाग कमी. स्प्रिंगच्या तारेवर किंवा पट्टीवर छोटी हातोडी बसवलेली असते, ती मागे ओढून सोडायची. बिघडण्यासारखं काही नसल्यामुळे या प्रकारात स्वस्त घंटीही वर्षानुवर्षं चालते. मात्र तार फार मऊ असेल तर खडबडीत रस्त्यावर घंटी आपोआप वाजत राहते. दुकानात ती हातात धरून जोरात वर-खाली हलवा; वाजली तर ठेवून द्या. हातोडी स्वस्थ असताना वाटीपासून एक-दोन मिलिमीटर लांब हवी. ती टेकूनच असेल तर टोला ‘ठक्’ असा येतो.

‘डिंग-डाँग’ घंटी मोठी आणि जड असते, आवाज मृदू असतो. ऐसपैस हँडलच्या आणि सामान वाहणाऱ्या सायकलींना ती शोभते आणि चालतेही. स्पोर्ट्‌स सायकलवर तिला जागा नसते.

राहिली हँडलभोवती कड्यासारखी बसणारी, घंटी आहे हे कळूही न देणारी नवी जात. ती सुबक असते आणि महागही, पण तिच्यात पैसे दिसण्याचे जातात. कड्याचा आकार उथळ, त्यामुळे आवाज बऱ्याचदा साध्या पितळी वाटीपेक्षा कमीच. शांत बागेतल्या रस्त्यावर ती पुरेल, बाजारातून जाताना पुरणार नाही. होकायंत्र बसवलेल्या घंटीचे जादा पैसे तर अजिबात देऊ नका. पोलादी वाटी आणि पोलादी हँडल यांच्याजवळ सुई खरी दिशा दाखवत नाही.

पकड आणि माप

चांगली घंटी आणून ती हँडलवर न बसणं ही सर्वांत नेहमीची फसगत. हँडलची जाडी सगळीकडे सारखी नसते. सरळ हँडलला मुठीजवळ, म्हणजे ब्रेकचा खटका बसतो तिथे, व्यास 22.2 मिलिमीटर असतो. मधे, स्टेमजवळ, म्हणजे हँडलला सायकलशी जोडणाऱ्या आखूड दांड्याजवळ, तो 25.4 किंवा 31.8 असतो, काही डोंगरी सायकलींना 35. वळणदार रेसिंग हँडल वळणाच्या भागात साधारण 24 मिलिमीटर असतं आणि मधे जुन्या सायकलींत 25.4 किंवा 26, नव्यांत बहुधा 31.8.

व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायची पट्टी, नसेल तर कागदाची पट्टी गुंडाळून परिघ मोजा. 70 मिलिमीटर आला तर व्यास 22.2, 80 आला तर 25.4, 100 आला तर 31.8 आणि 110 आला तर 35. खोक्यावर फक्त ‘सर्व सायकलींसाठी’ असं लिहिलेलं असेल आणि मापच दिलेलं नसेल, तर घंटी 22.2 साठीच आहे असं धरून चाला.

स्वस्त घंटीची पकड म्हणजे पत्र्याची पट्टी आणि एक स्क्रू. ती मुठीजवळ नीट बसते, पण हँडलचा रंग खरवडते. महाग घंटीत बिजागरी असलेली पकड, वेगवेगळ्या मापांचे रबरी तुकडे किंवा ताणून अडकवायचा सिलिकॉनचा पट्टा मिळतो. कार्बन फायबरच्या हँडलवर पत्र्याची पट्टी लावूच नका. धारदार कड आणि एकाच ठिकाणी आलेला दाब यांनी कार्बनला इजा होते आणि ती बाहेरून दिसेलच असं नाही. तिथे सिलिकॉनचा पट्टा घ्या, किंवा स्क्रूची पकड असेल तर हँडल बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेत टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळा. पट्ट्याच्या पकडीत एक उणेपण आहे: रबर थोडी थरथर शोषतं आणि जोरात खटका ओढला की घंटी हलते.

मग कोणती घ्यायची?

आमचं मत स्पष्ट आहे. मुठीजवळ 22.2 मिलिमीटरची मोकळी जागा असेल तर मधल्या किमतीची, पितळी वाटीची, हातोडीची घंटी घ्या. बहुतेक सायकलींना याहून जास्त काही लागत नाही. तिच्यापेक्षा दोन-तीनपट पैसे मोजून आवाजात जे वाढतं ते थोडं असतं.

जास्त पैसे सार्थकी लागतात ते जागेची अडचण असते तेव्हा. हँडल जाड किंवा कार्बनचं आहे, गिअर आणि ब्रेकचे खटके एकमेकांना खेटलेत, दिवा आणि मीटर यांनी मधली जागा व्यापली आहे, अशा वेळी लहान वाटीतून मोठा नाद काढणारी आणि पकड नीट बसणारी घंटी महागच मिळते. रोज पावसापाण्यात सायकल चालवणाऱ्यांनीही स्टेनलेस स्क्रू आणि धातूच्या दात्यांसाठी चार पैसे जास्त द्यावेत. मुलांची सायकल, वर्षातून क्वचित बाहेर काढायची सायकल किंवा रात्रभर रस्त्यावर उभी राहणारी सायकल यांना स्वस्त घंटी पुरते. रस्त्यावरून घंट्या चोरीला जातात आणि महाग घंटीचा स्क्रूही एका ॲलन कीने निघतो. अगदी स्वस्त, प्लॅस्टिकच्या वाटीची घंटी मात्र कुणाच्याच सायकलला लावू नका. ती घंटी असल्याचं समाधान देते आणि गरजेच्या क्षणी ऐकू जात नाही.

इलेक्ट्रॉनिक हॉर्न घेताना डेसिबलचे आकडे जपून वाचा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे 6 डेसिबलने घटतो. म्हणून 10 सेंटिमीटरवर मोजलेले 110 आणि 1 मीटरवर मोजलेले 90 एकच. अंतर लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. पाण्यापासून बचावासाठी निदान आयपीएक्स 4 दर्जा बघा, म्हणजे सगळीकडून उडणारे शिंतोडे तो सोसतो. चार्जिंग संपलं की हॉर्न मुका होतो, आणि काही देशांच्या नियमांत हॉर्न घंटीच्या जागी चालत नाही. म्हणून तो घंटीच्या जोडीला ठेवा.

बसवताना आणि नंतर

हात मुठीवरच ठेवून, दोन बोटं ब्रेकवर असताना अंगठा जिथे सहज पोचतो ती घंटीची जागा. आधी नुसती टेकवून बघा, मग स्क्रू लावा. गिअर एकाच बाजूला असतील तर घंटी दुसऱ्या बाजूला लावा. वाटीचं तोंड खाली किंवा पुढे ठेवा. वर ठेवलं तर तिच्यात पाणी आणि धूळ साठते. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, केबल वाटीला घासता कामा नये.

पकड सैल पडत असेल तर जुन्या ट्यूबचा तुकडा कापून खाली घाला. 25.4 ची पकड 22.2 वर बसवायची तर चारही बाजूंनी 1.6 मिलिमीटर भरून काढावे लागतात, म्हणजे साधारण दोन वेढे. प्रत्येक वेढ्याची टोकं एकमेकांवर चढू देऊ नका, नाहीतर घंटी तिरकी बसते. स्क्रू एवढाच आवळा की अंगठ्याने जोर लावला तरी घंटी फिरणार नाही. त्यापुढे आवळलं तर स्वस्त पकडीचे आटे जातात.

काही दिवसांनी आवाज बसका झाला तर आधी वाटीच्या मध्यातला नट किंवा स्क्रू तपासा. बहुतेक वेळा तोच ढिला झालेला असतो. ट्रिंग-ट्रिंग घंटीत कित्येकदा वाटीच आट्यांवर बसवलेली असते आणि ती हाताने डावीकडे फिरवून निघते. आतली धूळ कोरड्या ब्रशने झाडा आणि खटक्याच्या खिळीवर पातळ तेलाचा एकच थेंब सोडा. चकत्यांना आणि वाटीला तेल नको. त्यावर धूळ चिकटून लगदा होतो आणि चकत्या बाहेर फेकल्या जाण्याऐवजी अडकून बसतात. पितळ काळपट पडलं तरी आवाज बिघडत नाही, हौस असेल तर घासा. पोलादी वाटीच्या आत गंजाचे पापुद्रे सुटले असतील तर ते खरवडून काढल्यावर नाद थोडा परत येतो. दाते तुटले असतील तर मात्र दुरुस्तीत वेळ घालवू नका. सुटे दाते सहसा मिळत नाहीत. वाटी पितळी असेल तर तेवढी काढून ठेवा, मधलं भोक किंवा आटे जुळले तर ती दुसऱ्या घंटीवर बसते.