कट्टे मोजायला निघालो होतो

लातूरच्या मोंढ्यात आमच्या मामांची आडत आहे. दिवाळीच्या सुमाराला सोयाबीनची आवक वाढली की दुकानापुढं पाय ठेवायला जागा नसते, आणि कट्ट्यांच्या, म्हणजे भरलेल्या पोत्यांच्या, आकड्यावरून मुनीम आणि हमालांचं रोज एकदा तरी वाजतं. मी तेव्हा नांदेडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. प्रोजेक्टला विषय हवाच होता. म्हटलं, फोटोतून कट्टे ओळखून मोजणारं मॉडेल, म्हणजे उदाहरणं बघून शिकणारा प्रोग्राम, करू.

या वाटेला नवीन असाल तर आधी एक सांगतो. असलं मॉडेल शून्यापासून शिकवत बसायचं नसतं. लाखो फोटोंवर आधीच शिकलेलं एखादं उचलायचं आणि त्याला आपली वस्तू शिकवायची. मी योलो घेतलं, फोटोतल्या वस्तू ओळखून त्यांच्याभोवती चौकट आखणारं. ते कोको नावाच्या फोटोसंग्रहावर शिकलेलं होतं. त्या संग्रहात ८० प्रकारच्या वस्तू आहेत. गाय आहे, सुटकेस आहे, टेडी बेअरसुद्धा आहे, कट्टा नाही. त्यामुळं पहिल्या दिवशी आमच्या थप्पीतल्या निम्म्या कट्ट्यांच्या सुटकेसी झाल्या. मामा आल्यागेल्याला बोलावून ते दाखवत होते.

मग मोबाइलवर फोटो काढले. चार-पाच दिवस, उभ्यानं, छातीच्या उंचीवरून. प्रत्येक कट्ट्याभोवती चौकट आखली. हे काम किचकट आहे, पण दुसऱ्यावर ढकलू नका. आपला डेटा कसा आहे ते तिथंच कळतं. गूगल कोलॅब या ऑनलाइन सेवेच्या फुकटच्या जीपीयूवर, म्हणजे असली आकडेमोड झटपट करणाऱ्या चिपवर, ट्रेनिंग झालं. तपासणीत आकडे इतके देखणे आले की मी रात्रीच सरांना मेसेज टाकला.

दुकानातला सीसीटीव्ही पत्र्याच्या शेडखाली, वर लोखंडी कैचीला बसवलेला. त्याचं फुटेज मॉडेलला दिलं. समोर कट्ट्यांचा ढीग आणि हे गप्प. एका हमालाच्या पटक्याला तेवढं कट्टा म्हणालं. मामा म्हणाले, "काय करायलास रे तू महिनाभर? ह्याला वरून दिसतच न्हाई!"

मामांनी नेमकं दुखणं सांगितलं होतं. समोरून बघितलं तर कट्ट्याची शिवण दिसते, दोन कान दिसतात, पोटाचा फुगवटा दिसतो. वरून तीच वस्तू उशीसारखी. आपण कट्टा उचललेला असतो, त्यावर बसलेलो असतो, म्हणून तो कुठूनही ओळखतो. मॉडेलनं फक्त त्याचं एक रूप पाहिलेलं असतं.

हे फक्त माझ्यासारख्या नवशिक्याचं होतं असं नाही. २०१९ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी ऑब्जेक्टनेट नावाचा संग्रह केला. ३१३ प्रकारच्या घरगुती वस्तू, ५०,००० फोटो, आणि ते मुद्दाम वेगवेगळ्या कोनांतून, वस्तू आडवी-पालथी ठेवून, भलत्याच खोलीत काढलेले. इमेजनेट या नावाजलेल्या फोटोसंग्रहावर भारी ठरलेल्या मॉडेलांची अचूकता तिथं ४० ते ४५ टक्क्यांनी घसरली.

म्हणून माझं पहिलं सांगणं: आधी कॅमेरा कुठं टांगणार ते ठरवा, मग फोटो काढा. मी उलटं केलं आणि महिना घालवला. दुसऱ्या खेपेला शिडी लावून कैचीजवळून, ओट्यावरून, ट्रकच्या हौद्यातून असे फोटो घेतले आणि प्रत्येकाच्या नावात उंची आणि कोन लिहून ठेवला. ही नोंद पुढं फार कामाला आली.

फोटो कमी पडले की सगळे सांगतात, ऑगमेंटेशन कर, म्हणजे आहेत तेच फोटो उलटवून-फिरवून वाढव. करा, पण त्याची मर्यादा ओळखा. समोरचा फोटो डावा-उजवा उलटवला तर चालतो. खाली-वर उलटवला तर थप्पी पत्र्याला लोंबकळायला लागते. आणि समोरचा फोटो कितीही फिरवला तरी कट्ट्याची वरची बाजू त्यात येणार कुठून? तिथं शिडीच लागते. सरळ खाली बघणाऱ्या कॅमेऱ्याचे फोटो मात्र चारी दिशांना बिनधास्त फिरवा.

उंचीचा दुसरा त्रास आकाराचा. फुटेज १९२० पिक्सेल रुंद, मॉडेल ते ६४० वर आणतं, म्हणजे एक तृतीयांश. लांबचा ४५ पिक्सेलचा कट्टा १५ चा उरतो. फ्रेमचे एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे करून तपासल्यावर लांबचे कट्टे सापडायला लागले. वेळ जास्त लागतो, पण मोंढ्यात कुणाला एवढी घाई नसते.

आता ते देखणे आकडे. ते मुळातच खोटे होते. एकाच थप्पीचे मी लागोपाठ दहा-दहा फोटो काढले होते, आणि सगळे मिसळून काही ट्रेनिंगला, काही तपासणीला वाटले होते. म्हणजे पेपर आधीच फुटलेला. वाटणी दिवसानुसार आणि कॅमेऱ्यानुसार करा, आणि निकालही प्रत्येक कॅमेऱ्याचा वेगळा लिहा. सरासरीत वरच्या कॅमेऱ्याचं अपयश बेमालूम झाकलं जातं.

चौकटीचा नियमही आधीच वहीत लिहा. अर्धा झाकलेला कट्टा दिसतो तेवढाच धरायचा की अंदाजानं पूर्ण? मी दिसतो तेवढाच धरला. नियम कोणता यापेक्षा शेवटच्या फोटोपर्यंत तोच राहणं महत्त्वाचं. आणि हमालांना विचारल्याशिवाय फोटो काढू नका. आमच्याकडं एकानं सरळ विचारलं, "हे मोजून आमची हमाली कापणार का?" मामांनी मुनीम आणि हमाल दोघांसमोर आकडा दाखवायचं कबूल केलं, तेव्हा कुठं काम पुढं सरकलं.

थप्पीच्या पोटातले कट्टे मात्र कुठल्याच कोनातून दिसत नाहीत. म्हणून शेवटी थप्पी मोजायचा नाद सोडला. काट्याजवळ वर एक कॅमेरा लावला, पडद्यावर एक रेघ आखली, आणि पाठीवरचा कट्टा ती ओलांडतो तेव्हा मोजायचा असं ठरवलं. वरून हमाल जवळजवळ दिसतच नाही, नुसता कट्टा चालत जातो. रिकामं बारदान खांद्यावर टाकून परतणारा गडी अजूनही कधीकधी एक कट्टा धरला जातो. सध्या त्याचेच फोटो जमवतोय.