नव्या रीफ टाकीतलं ऍप्टेशिया : या चुका टाळा

बेळगाव-निपाणीकडं आता खाऱ्या पाण्याच्या, प्रवाळ ठेवायच्या (रीफ) टाक्या वाढल्यात, आणि लाइव्ह रॉकबरोबर, म्हणजे जिवंत जीव चिकटलेल्या समुद्री दगडाबरोबर, ऍप्टेशिया हे उपद्रवी समुद्रफूलही घरोघरी पोचलंय. तपकिरी, काचेसारखं पारदर्शक, लांब देठ, बारीक टोकदार स्पर्शक. धक्का लागला की झटक्यात भेगेत जातं. माजानो हे दुसरं उपद्रवी समुद्रफूल आखूड आणि हिरवट असतं, स्पर्शकांची टोकं फुगीर. नळीतून पिसारा काढणारा जीव दिसला तर तो फेदर डस्टर किडा. तो निरुपद्रवी आहे, त्याला मारू नका.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे खरवडणं. शहापुरातल्या एका पोराच्या टाकीत दोनच ऍप्टेशिया होती. मी म्हटलं, थांब, रविवारी येतो. त्याला दम निघाला नाही. पंप चालू ठेवून त्यानं ब्लेडनं ती खरवडली आणि टाकी साफ झाली म्हणून फोटो पाठवला. पुढं महिन्याभरात दगड, काच, ओव्हरफ्लोचा डबा, सगळीकडं पिल्लं. पायाचा बारीकसा तुकडा मागं राहिला तरी त्यातून नवं ऍप्टेशिया उभं राहतं, आणि प्रवाहानं ते तुकडे टाकीभर नेले होते. शेवटी त्याला झोअँथिडच्या (प्रवाळासारख्या बटणाएवढ्या जिवांच्या) वसाहतीसकट दगड काढावे लागले. मला अजून त्याची हळहळ वाटते.

दगड बाहेर निघत असेल तर मी छिन्नीनं तेवढा टवका उडवतो. निघत नसेल तर पंप बंद करून कॅल्शियम हायड्रॉक्साइडची, म्हणजे शुद्ध चुन्याची, घट्ट पेस्ट सिरिंजनं हळूच तोंडावर सोडतो, देठासकट झाकतो आणि पंधरा-वीस मिनिटांनी पंप लावतो. एका दिवशी तीन-चारच, कारण पीएच चढतो. पानटपरीचा चुना वापरू नका, त्यात सुगंध नि काय काय मिसळलेलं असू शकतं.

दगड उकळायचा तर विचारही नको. त्यावर झोअँथिड असतील तर त्यांच्यातलं पॅलिटॉक्सिन हे जहाल विष वाफेतून घरभर पसरू शकतं आणि माणसं दवाखान्यात जातात.

ऍप्टेशिया खायला पेपरमिंट कोळंबी घेताना नीट बघा. पेपरमिंट म्हणून कॅमल श्रिंप गळ्यात मारतात. पाठीला ठळक कुबड आणि अंगावर पांढऱ्या रेघा दिसल्या की ती कॅमल, प्रवाळ खाते. खरी पेपरमिंटसुद्धा लहान ऍप्टेशियाच खाते, तीही पोट भरलेलं नसेल तर. बर्घिया ही समुद्री गोगलगाय ऍप्टेशियाशिवाय दुसरं काहीच खात नाही. ते संपलं की ती उपाशी मरते, म्हणून दोन-चार ऍप्टेशियांसाठी तिला आणू नये. ऍप्टेशिया खाईल म्हणून कॉपरबँड मासा नव्या टाकीत टाकणं मला पटत नाही. तिथं तो बहुधा उपासानंच जातो.

चोरला घाटातून गोव्याला जाऊन किनाऱ्यावरचा दगड-प्रवाळ आणू नका. प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

नवा फ्रॅग, म्हणजे प्लगवर (छोट्या बैठकीवर) चिकटवलेला प्रवाळाचा तुकडा, आला की तो वेगळ्या बादलीत ठेवून रात्री टॉर्चनं बघा. ऍप्टेशिया बहुधा प्लगच्या खालच्या बाजूला लपतं. प्लग फेकून द्या आणि प्रवाळाचा तुकडा नव्या प्लगवर चिकटवा.