कुजक्या ओंडक्यावरचे दोन भाडेकरू: दुर्मीळ मॉस आणि नेहमीचं भूछत्र कसं ताडून पाहावं

स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म भागातल्या जंगलात शरदात गेलात, तर ‘सल्फर टफ्ट’ हे पिवळं भूछत्र हमखास दिसतं. ‘ग्रीन शील्ड-मॉस’ हे मॉस (शेवाळासारखी बारीक वनस्पती) मात्र नशिबात असेल तरच. दोघं कुजक्या लाकडावरच येतात, म्हणून तुलना करायला ही जोडी उत्तम.

१. ऑक्टोबर-नोव्हेंबर गाठा. तेव्हा भूछत्रं अजून टिकून असतात आणि मॉसची नवी बोंडं, म्हणजे बीजाणूंच्या पिशव्या, वर येऊ लागलेली असतात. ती पिकतात पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर.

२. सावलीतला, साल गळालेला, ओलसर मऊ ओंडका निवडा.

३. आधी मॉस शोधा. हिरवा गालिचा शोधत बसलात तर फसाल, कारण याला पानं जवळपास नसतातच. सरळ पोटावर पडा आणि बाजूने टॉर्च मारा. सेंटिमीटरभर उंचीचा जाडसर, तांबूस देठ आणि त्यावर तिरकं बसलेलं, गव्हाच्या दाण्याएवढं हिरवट बोंड दिसेल. त्याची वरची बाजू चपटी असते. पिकल्यावर तिथली पातळ साल सुटून मागे वळते. भिंग हवंच. कधी नुसते देठच उरलेले सापडतात, बोंडं गोगलगायींनी किंवा उंदरांनी फस्त केलेली. हात लावू नका. ब्रिटनमध्ये हे मॉस १९८१च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे.

४. भूछत्राला भिंग लागत नाही. झुपक्यातली एक टोपी खुडा, उलटी करून पाहा. खालच्या पट्ट्या कोवळेपणी पिवळ्या, मग हिरवट, शेवटी काळपट होतात. टोपी पट्ट्या खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवा, वर वाटी झाका. सकाळी जांभळट-तपकिरी ठसा उमटलेला असेल. चव मात्र घेऊ नका, हे विषारी आहे.

५. आता जोड्या लावा. नवखे इथेच गडबडतात: मॉसचं बोंड आणि भूछत्राची टोपी, दोन्ही बीजाणू पसरवणारे भाग. खरं अंग वेगळंच. मॉसचं अंग म्हणजे लाकडावरचे बारीक हिरवे तंतू; ते उजेडावर स्वतःचं अन्न करतात, लाकूड त्यांना फक्त ओली बैठक. भूछत्राचे तंतू लाकडाच्या आत शिरून तेच पचवतात. तोडलेल्या झाडाचा बुंधाही त्याला चालतो. पडलेली झाडं उचलून जंगल ‘स्वच्छ’ केलं, की मॉसची मात्र जागाच जाते.

६. शेजारी नाणं ठेवून फोटो काढा. झाड कोणतं, लाकूड किती कुजलंय, तारीख, सगळं टिपा. मॉसचं नेमकं ठिकाण मात्र समाजमाध्यमांवर टाकू नका.